पॉलिश खरवडून इलेक्ट्रिक गिटार सुधारत नाही

काल भाचीने फोटो पाठवला. मांडीवर तिची स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार, हातात पॉलिश पेपर. "मामा, किती नंबरचा लागेल?" सोबत तो सगळीकडे फिरणारा मेसेज: जाड पॉलिशखाली लाकूड गुदमरतं, ते खरवडून काढा, स्ट्रॅटचा आवाज पातळ, रॉकला गिब्सन कंपनीची वजनदार लेस पॉलच हवी, सिंगल कॉइल (तारेच्या एकाच वेटोळ्याचा पिकअप) घरघरतो म्हणजे गिटार सदोष.

आधी पॉलिशचं, कारण यात गिटारचं वाटोळं होतं. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची स्ट्रिंग थरथरली की वेढ्यांत वीज तयार होते आणि तीच अॅम्पकडे जाते. स्ट्रॅटची बॉडी ४४ मिलिमीटर जाडीचा भरीव ठोकळा, त्यावर पॉलिशचा थर जेमतेम मिलिमीटरभर. गुदमरणार काय? अकूस्टिकची वरची पातळ फळी स्वतः थरथरते, म्हणून तिथे पॉलिश जपून लावतात. ती गोष्ट उचलून इथे चिकटवली आहे. शिवाय घासताना नेक, म्हणजे गिटारची मान, जिथे बसते त्या खाचेच्या कडा झिजल्या की नेक घट्ट बसत नाही. ते नुकसान सहज भरून निघत नाही.

पातळ आवाजाचं म्हणाल तर गिटारवादक जिमी पेजने आपल्या लेड झेपेलिन या रॉक बँडचा १९६९चा पहिला अल्बम मुख्यतः टेलिकास्टरवर वाजवला. ती फेंडरचीच, सिंगल कॉइलचीच. आणि तिच्या बॉडीवर त्याने स्वतः ड्रॅगन रंगवला होता!

घरघर असते, मान्य. पण १९५७पर्यंत लेस पॉलवरही सिंगल कॉइल पी-९० पिकअप असत. त्या सगळ्या सदोष का?

आवाजात फरक आहेच, तेवढं त्या मेसेजचं खरं. लेस पॉलवरच्या हंबकरचा, म्हणजे घरघर मारणाऱ्या दुहेरी कॉइलच्या पिकअपचा, आवाज भरदार असतो. हातालाही फरक कळतो: स्ट्रॅटची स्केल, म्हणजे स्ट्रिंगची थरथरणारी लांबी, २५.५ इंच, लेस पॉलची साधारण २४.७५. त्याच स्ट्रिंग, तेच ट्यूनिंग, तरी स्ट्रॅटवर ताण सुमारे ६ टक्के जास्त, म्हणून बेंडला, म्हणजे स्ट्रिंग बाजूला ओढून सूर चढवायला, जोर लागतो. यात पॉलिश कुठे आलं?

भाचीची मूळ तक्रार वेगळीच निघाली. जाड स्ट्रिंग वरच्या फ्रेटवर दाबली की सूर डगमगायचा. व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर नेकजवळचा पिकअप स्ट्रिंगला टेकायच्या बेतात, चुंबक तिला ओढत होता. दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे फिरवून तो खाली घ्यायला लावला. तिने तीच स्ट्रिंग पुन्हा दाबली, सूर जागेवर राहिला.