आधी अंदाज, मग क्लिक

संवादी डिजिटल साधनांमुळे प्राथमिक वर्गात विज्ञान सोपं होतं, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं पटलं, पण एका अटीवर: साधन मुलांच्या हातात हवं. शिक्षकानेच पडद्यावर माउस फिरवला तर तो नुसता व्हिडिओ झाला.

चौथी-पाचवीला विद्युत परिपथ शिकवताना मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर मुलांना स्वतः करून बघता येणारे प्रयोग, वापरते. ती मोफत आहेत आणि उतरवून ठेवली की इंटरनेटशिवायही चालतात. पण आधी वहीत चित्र काढायला लावते: एक सेल, एक बल्ब, दिवा कसा लागेल? बरीच मुलं सेलच्या एकाच टोकापासून बल्बपर्यंत एकच वायर काढतात. मग पडद्यावर तसंच जोडून बघतात, दिवा लागत नाही, आणि वर्गात खरी चर्चा तिथून सुरू होते. त्यानंतर खरा सेल, खरा बल्ब. पडद्यावरची वायर कधी सैल होत नाही. हातातल्या वायरचं टोक मात्र सोलावं लागतं. हेही विज्ञानच आहे.

चंद्रकलांच्या बाबतीत जास्त जपायला हवं. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये साधारण 30 पृथ्वी मावतील एवढं अंतर आहे, पण पडद्यात बसवण्यासाठी ॲनिमेशनमध्ये त्यांना अगदी शेजारी आणतात. मग मुलं ठामपणे सांगतात, कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात! अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि हातात धरलेला चेंडू, एवढ्यावर हा गैरसमज दूर होतो.

बी रुजणं तर पडद्यावर आधी दाखवूच नये. ओल्या कापसातलं बी रोज सकाळी धावत येऊन बघणारी मुलं मी पाहिली आहेत.