डिपर द्यायला काय पैसे पडतात का?

समोरून गाडी येतेय. आपण डिपर दिला, म्हणजे दिव्याचा झोत खाली घेतला, परत दिला, आणखी एकदा दिला, तरी पठ्ठ्याचा अप्पर, म्हणजे वरचा लांब झोत, खाली येत नाही. वैतागून आपणही क्षणभर अप्पर टाकला, तर हा टपावरचा एलईडी बारसुद्धा चालू करतो. म्हणजे, बघ, माझ्याकडे अजून शिल्लक आहे! अरे, लग्नाची वरात काढलीयस का? स्टिअरिंगमागची एक दांडी बोटाने ओढायची असते, बास. अप्पर चालू असला की समोर डॅशबोर्डवर निळा दिवा पेटतो. तो दिवा बऱ्याच जणांना शोभेचा वाटत असावा.

शहरात तर कहर. रस्त्यावरच्या दिव्यांचा लख्ख उजेड, पेपर वाचता येईल इतका, आणि हे अप्परवर. दुचाकीवाले म्हणतात, "आता लाइट बंदच होत नाही ना, कंपनीकडूनच तसं येतं." हो, १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट कायम चालू असतो. चालू म्हणजे अप्परवर नव्हे, दादा! डिपरचं बटण त्याच हँडलवर आहे अजून.

आणि ती ॲक्सेसरीजची दुकानं. "साहेब, व्हाइट टाकू का? दिवस पडेल दिवस!" पडतो ना, समोरच्याच्या डोळ्यात पडतो. साध्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, ६० वॉटची अप्परची आणि ५५ वॉटची डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड वर न जाता रस्त्यावर पडतो, आणि आपण डावीकडून चालतो म्हणून डावीकडे जरा लांब पोहोचतो. आतला आरसा त्या तारेच्या जागेचा हिशेब करून बनवलेला असतो. त्यात भलताच एलईडी कोंबला की तो हिशेब बिघडतो, उजेड वाटेल तिकडे उधळतो. मग डिपर देऊनही समोरच्याला तो अप्परच वाटतो. बसवून देणारा कधी भिंतीसमोर गाडी उभी करून रोख बघतो का? चकचकाट झाला की "झालं काम साहेब" म्हणून मोकळा.

कंपनीतून आलेल्या दिव्यांचंही फार कौतुक नको. उंच एसयूव्हीचा दिवा छोट्या गाडीतल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांच्या पातळीत येतो. त्यात मागे पाच बॅगा आणि दोन पोती भरली की गाडीचं नाक वर होतं, दिवेही वर. त्यासाठीच बऱ्याच गाड्यांत दिव्याची उंची बदलायचं, शून्यापासून आकडे असलेलं एक चाक दिलेलं असतं. गाडी विकेपर्यंत ते शून्यावरच.

आता खरं रडगाणं. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर लोंबतोय. मागचा दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तरी उसाखाली गाडलेला. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर वाटपाचा फोटो मात्र पेपरात येतो, हसऱ्या चेहऱ्यांसकट. ट्रॉली पंक्चर झाली तर मध्येच उभी, भोवती चार दगड. ट्रॉली गेली तरी दगड तिथेच. आणि ट्रॅक्टर रिकामा परत निघाला की शेतात नांगरायला दिलेला मागचा पांढरा दिवा रस्त्यावरही चालू.

अशा रस्त्यावर समोरून तो अप्परवाला येतो. डोळे दिपतात, पुढे नुसतं पांढरं. तो निघून गेल्यावर लगेच दिसू लागत नाही, मिणमिण्या उजेडातलं दिसायला डोळ्यांना काही सेकंद लागतात. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे ५० मीटर आंधळेपणाने. त्या ५० मीटरमध्ये उसाची ट्रॉली असते, शेताला पाणी पाजायला निघालेला माणूस असतो, नाहीतर ते दगड. अप्परवाला तोवर पार लांब गेलेला. धडक झालीच तर पंचनाम्यात त्याचं नावसुद्धा येत नाही. आणि वयस्कर माणसांचं तर विचारू नका. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यात उजेड आणखी फाकतो. आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी सरळ संध्याकाळनंतर गाडी काढणंच सोडलंय. म्हणजे चूक ह्यांची आणि घरात बसायचं त्यांनी.

यावर सल्ले काय मिळतात? "डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत चालवा." पट्टी कुठाय? ती पहिल्या पावसातच गेली. "पिवळा चष्मा घ्या." रात्री मुळात उजेड कमी, त्यात चष्म्याने आणखी कमी करायचा? आणि सगळ्यात भारी म्हणजे, "तुम्हीपण तसलेच लाइट लावा की." वा! म्हणजे दोघंही आंधळे, आणि मधून चालणारा देवाच्या भरवशावर.

कायदा नाही असं नाही. परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तपासणार कोण? पीयूसीला धूर बघतात, उजेड नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, तोवर हेडलाइटचा रोख कुणी सक्तीने तपासत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी असते आणि त्यात दिव्यांचा रोखही बघतात. आपल्याकडे २०१५ साली ट्रकच्या मागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी घालायला सरकारला वेळ मिळाला. रंगवलेल्या अक्षरांनी कुणाचे डोळे दिपले होते?

पोलीसमामा चौकात सकाळी अकराला उभे राहून हेल्मेट बघतात. जरूर बघा. पण एकदा रात्री नऊला टोलनाक्यावर या. तिथे गाड्या तशाही हळू होतात, दिवे चालू असतात, पुरावा तोंडावर मारल्यासारखा समोर असतो. टपावरचा बार तिथेच काढून घ्या, पावती फाडा, आणि ज्या दुकानाने बसवला त्याचं नाव विचारून दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेही जा. हे दिवे विकणारी दुकानं काही लपूनछपून धंदा करत नाहीत, पाटीवर एलईडी लावूनच बसलेली असतात.