‘झोन म्हणजे स्वतंत्र सर्व्हर’: एका फिरत्या पोस्टला उत्तर

बडोद्यातल्या आम्हा मराठी सिस्टीमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या सोलारिस झोनबद्दलची एक पोस्ट फिरते आहे. (सोलारिस ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, झोन म्हणजे तिच्या एकाच मशीनवर केलेले वेगवेगळे कप्पे, आणि त्या मशीनला आम्ही पेटी म्हणतो.) थोडक्यात तिचं म्हणणं असं: झोन हा पूर्ण स्वतंत्र सर्व्हर असतो. तो मंद झाला तर कारण त्याच्या आतच सापडतं. ‘नॉट इनफ स्पेस’ आलं की जुने लॉग उडवा. बंद होताना अडकला तर अख्खी पेटी रीबूट करा. रीबूटनंतर वर आलाच नाही तर नव्याने इन्स्टॉल करा.

मकरपुऱ्यापासून नंदेसरीपर्यंत जिथे जिथे स्पार्क प्रोसेसरची एखादी जुनी पेटी पगाराचं किंवा साठ्याचं सॉफ्टवेअर ओढते आहे, तिथे ही पोस्ट एखादा नवा मुलगा शब्दशः पाळेल. म्हणून हा प्रपंच.

पहिला मुद्दा, स्वतंत्र सर्व्हर. नाही. २००५ मध्ये सोलारिस १० बरोबर झोन आले तेव्हापासून साध्या झोनला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, नाही. ग्लोबल झोनचा, म्हणजे पेटीच्या मुख्य सिस्टीमचा, जो कर्नल, तोच सगळ्यांचा. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातली बिऱ्हाडं जशी, तसं हे: दारं वेगळी, कुलपं वेगळी, पण पाया आणि छप्पर एकच. झोनच्या आत रीबूट दिला तर तेवढा झोनच उठून बसतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. हे पाहूनच बहुतेकांचा गैरसमज होत असावा. पण कर्नल पॅनिक झाला, म्हणजे कोलमडला, की सगळे झोन एकदमच जातात. पोस्टवाल्याच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. २०१४ च्या सोलारिस ११.२ पासून कर्नल झोन नावाचा प्रकार आहे, त्याला खरोखरच वेगळा कर्नल असतो. त्याच्याबद्दल बोलायचं होतं तर तसं लिहायचं.

कर्नल एक म्हटल्यावर दुसरा मुद्दा आपोआपच पडतो. झोनच्या आतून जे आकडे दिसतात त्यांवर विसंबणं धोक्याचं. कॅप्ड सीपीयू (सीपीयू वापराची मर्यादा) लावलेल्या झोनमध्ये पीएसआर-इन्फो ही सीपीयूंची यादी देणारी कमांड चालवा, पेटीचे सगळे सीपीयू दिसतील, वाट्याला दोनच असले तरी. शेजारच्या झोनमधल्या प्रोसेस तर आतून दिसतच नाहीत, त्यामुळे ‘माझ्याकडे तर काहीच चालू नाही, मग मंद का?’ हा प्रश्न आत बसून सुटायचा नाही. ग्लोबलमध्ये या, पीआरस्टॅट या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडला मोठ्या झेडचा पर्याय द्या. खाली झोनवार बेरीज येते. सोलारिस ११ असेल तर झोनस्टॅट त्याहून बरं. फिजिकल मेमरीची मर्यादा घातली असेल तर तिचा हिशेब दाखवणारं आर-कॅप-स्टॅटही बघा. सोलारिस १० वर ही मर्यादा आरकॅपडी नावाचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) सांभाळतो आणि त्याची पद्धत अशी की झोन हद्दीबाहेर गेला की त्याची मेमरीतली पानं स्वॅपवर, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेत, ढकलायची. मर्यादा कंजूषपणे घातली तर डिस्क सतत खडखडत राहते आणि मंद होतात ते शेजारी.

आता ‘नॉट इनफ स्पेस’. पोस्टमधल्या या सल्ल्याने सर्वात जास्त नुकसान होईल, म्हणून जरा थांबतो. सोलारिसमध्ये हा संदेश डिस्क भरल्याचा नाही. डिस्क भरली की ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. ‘नॉट इनफ स्पेस’ म्हणजे मेमरी मिळाली नाही, बहुधा स्वॅप संपला. एका कारखान्यात महिनाअखेरीला पगाराच्या झोनमध्ये नवीन प्रोसेस सुरूच होईनात, फोर्क (नवी प्रोसेस काढणं) फेल, आणि हा संदेश. तिथल्या मंडळींनी पोस्टमध्ये सांगितलंय तेच केलं: लॉग उडवत बसले. डिस्क अर्धी रिकामी होती! खरा चोर शेजारच्या टेस्ट झोनमध्ये होता. तिथली एक रिपोर्टची स्क्रिप्ट टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत ढीगभर फाइली टाकत होती. सोलारिसवर टीएमपी ही टीएमपीएफएस असते, म्हणजे तिथे पडलेली प्रत्येक फाइल मेमरी आणि स्वॅप खाते, आणि तो स्वॅप सगळ्या पेटीचा सामायिक. एका झोनने टीएमपी भरली, उपाशी राहिला दुसरा.

उपायही ग्लोबलमधूनच. ‘स्वॅप -एस’ ने आधी एकूण स्थिती बघा, मग कुठल्या झोनची टीएमपी फुगली आहे ते शोधा. चालू झोनला पीआरसीटीएल या कमांडने झोन डॉट मॅक्स-स्वॅप ही मर्यादा तिथल्या तिथे लावता येते, पण ती झोन रीबूट होईपर्यंतच टिकते. कायमची हवी तर झोनसीएफजीमध्ये (झोनचं कॉन्फिगरेशन लिहायची कमांड) कॅप्ड-मेमरीखाली स्वॅप लिहून ठेवावा. टेस्टचे झोन तर या मर्यादेशिवाय कुणी उघडूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

अडकलेला झोन. झोन थांबवायला हॉल्ट दिला आणि झोनॲडम या झोन सांभाळणाऱ्या कमांडच्या यादीत तो ‘शटिंग डाउन’ वरच बसून राहिला, हे सगळ्यांनीच पाहिलं असेल. बहुतेक वेळा कारण साधं असतं: झोनची एखादी फाइल सिस्टीम अनमाउंट होत नाही. आणि ती अडवून धरणारी प्रोसेस झोनमध्ये नसतेच, ग्लोबलमध्ये असते. बॅकअपचा एजंट असेल, किंवा झोनच्या रूट डिरेक्टरीत सीडी करून (शिरून) चहाला गेलेल्या कुणाचं तरी शेल. फ्यूजरला ‘-सी’ आणि माउंट पॉइंट देऊन तिथे कोण बसलंय ते विचारा, पीफाइल्सने (प्रोसेसच्या उघड्या फाइली दाखवणारी कमांड) खात्री करा, ती प्रोसेस सोडवा आणि हॉल्ट पुन्हा द्या. क्वचित कर्नलमध्येच काहीतरी अडकून राहतं आणि मग पेटी रीबूट करण्यावाचून गत्यंतर नसतं. पण तो शेवटचा उपाय. त्या पेटीवर आणखी चार खात्यांचे झोन चालू असतात, त्यांचा काय दोष?

राहिला शेवटचा सल्ला, नव्याने इन्स्टॉल. पेटी उठली आणि झोन ‘इन्स्टॉल्ड’ (बसवलेला, पण बंद) याच स्थितीत राहिला, तर आधी झोनसीएफजीमध्ये ऑटोबूट बघा. फॉल्स असेल तर तो आपणहून उठणारच नाही. त्यात बिघाड काहीच नाही, बूट द्या, झालं. ऑटोबूट ट्रू असूनही उठत नसेल तर दुसऱ्या टर्मिनलवर झेडलॉगिन या झोनमध्ये शिरायच्या कमांडला मोठा सी देऊन कन्सोल उघडा आणि मग बूट द्या, रडगाणं तिथेच वाचायला मिळतं. बऱ्याचदा कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेली एखादी फाइल सिस्टीम किंवा डेटासेट जागेवर नसतो, कारण तो ज्या झेडपूलमध्ये (डिस्क एकत्र करून केलेला साठा) असतो तो पूलच इम्पोर्ट झालेला नसतो. (कन्सोलमधून बाहेर पडताना टिल्ड आणि टिंब देतात. तुम्ही एसएसएचवरून आला असाल तर त्याने एसएसएचच तुटेल. टिल्ड दोनदा द्या.)

आणि नव्याने इन्स्टॉल करायचं तर आधी अनइन्स्टॉल करावं लागतं. ती कमांड झोनच्या रूटमधलं सगळं पुसून टाकते, डेटा तिथेच ठेवला असेल तर तोही. पोस्टमध्ये बॅकअपचा उल्लेख कुठेच नाही.