डिफ, मराठी मजकूर आणि तिसरी फाइल

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. वर्डमध्ये दोन मसुदे एका क्लिकवर ताडून बघता येत असताना मी लोकांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला लावतो, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा, की माझं ऐकून तुम्ही डिफ, म्हणजे दोन फायलींतला फरक दाखवणारी आज्ञा, चालवलंत, तर डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फायलींतला प्रत्येक परिच्छेद त्याने वेगळा दाखवला. म्हणून ‘मराठीसाठी हे कुचकामी’.

दुसऱ्या मुद्द्यात चूक माझी आहे. मराठी मजकुरासाठी आधी काय करून घ्यावं लागतं, हे मी लिहायलाच हवं होतं.

डिफ ओळीला ओळ ताडतं. जेम्स हंट आणि डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९७६ मध्ये त्याची रीत मांडली ती प्रोग्रामसारख्या आखूड ओळींना चपखल बसते. आपला परिच्छेद मात्र एकच लांबलचक ओळ असतो. एक वेलांटी बदलली की अख्खा परिच्छेद बदलला. मी म्हणून प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहितो. ते नको असेल तर गिट या फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या डिफला ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय द्या, फरक शब्दागणिक दिसेल.

पण तुमच्या फायली तर सारख्याच दिसतात. तेव्हा आधी हे बघा: रिकाम्या ओळीही बदललेल्या दाखवतंय का? तसं असेल तर एक फाइल बहुधा विंडोजवर तयार झाली आहे आणि तिच्या प्रत्येक ओळीअखेर एक जादा अदृश्य चिन्ह आहे. ‘स्ट्रिप-ट्रेलिंग-सीआर’ या पर्यायाने त्याकडे दुर्लक्ष होतं. रिकाम्या ओळी ठीक असतील, तर माझा संशय ‘ऱ्य’वर आहे. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ असे शब्द परिच्छेदागणिक येतात आणि ते दोन प्रकारे टाइप होतात. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत. दुसरीकडे साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर आकृती एकच, फाइलमधले बाइट वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, त्यानेही हा फरक जात नाही, कारण ते या जॉइनरला हात लावत नाही. सेड ही शोधून-बदलणारी आज्ञा वापरून एक रूप सगळीकडे बदलून घ्यावं लागतं.

आता पहिला आक्षेप. दोनच मसुदे असतील आणि ते वर्डचे असतील, तर वर्डच वापरा, माझा आग्रह नाही. माझा जीव अडकलाय तो तिसऱ्या फाइलमध्ये. एका स्मरणिकेचा मजकूर मी आणि मुद्रितशोधक एकाच वेळी तपासत होतो. माझ्या फाइलमध्ये एक वाक्य होतं, त्यांच्या फाइलमध्ये नव्हतं. ते मी घातलं की त्यांनी काढलं? दोन फायली कितीही ताडल्या तरी याचं उत्तर मिळत नाही. मूळ प्रत शेजारी ठेवली की लगेच मिळतं. तीन फायली ताडणारी डिफ-थ्री ही आज्ञा हेच करते: ‘एम’ हा पर्याय, मग माझी फाइल, मधोमध मूळ, शेवटी त्यांची. क्रम चुकवू नका, मूळ मधेच हवी. एकानेच बदललेलं मुकाट्याने जोडलं जातं. एकाच जागी दोघांचे वेगवेगळे बदल असतील, तर खुणा करून निर्णय तुमच्यावर सोपवला जातो.

या मुकाट्याने जोडण्यात धोकाही आहे. मी दुसऱ्या परिच्छेदात ‘तीन विहिरी’च्या ‘चार विहिरी’ केल्या होत्या. त्यांनी नवव्यात ‘या तिन्ही विहिरींचं पाणी’ असं नवं वाक्य घातलं. ओळी वेगळ्या, त्यामुळे एकही खूण उमटली नाही आणि स्मरणिका तशीच छपाईला जाणार होती. जोडलेली फाइल मी आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो.

तुमच्याकडे मूळ मसुदा अजून असेल, तर तिन्ही फायलींत, मूळसुद्धा, ‘ऱ’ एकसारखा करून घ्या आणि पुन्हा चालवून बघा. तरीही सगळे परिच्छेद वेगळे दिसले, तर त्यातल्या कुठल्याही एका परिच्छेदाच्या दोन्ही प्रती मला पाठवा. बाइट तपासून काय सापडतं ते इथेच लिहीन.