करंट मिरर: वहीत चालतो, बोर्डावर पळतो

"करंट मिरर हा प्रकार फक्त पेपरात पाच मार्कांना विचारण्यापुरता आहे," बंड्या आल्या आल्या म्हणाला. "बोर्डावर लावून बघा. मी लावला. पळाला."

करंट मिरर म्हणजे एका बाजूला ठरवलेला करंट दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा उतरवणारं सर्किट. पळाला म्हणजे काय, हे त्याच्याकडून काढून घ्यायला जरा वेळ लागला. बंड्या निकाल आधी सांगतो, पुरावा मागाहून. सर्किट अगदी साधं होतं. दोन बीसी 547 ट्रान्झिस्टर (बेसच्या व्होल्टेजवर कलेक्टरकडून एमिटरकडे किती करंट वाहणार ते ठरतं). दोघांचे एमिटर ग्राउंडला, दोघांचे बेस एकमेकांना जोडलेले. पहिल्याचा कलेक्टर त्याच्याच बेसला बांधलेला आणि तिथे 12 व्होल्टवरून 2.2 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे साधारण 5 मिलिअँपचा रेफरन्स (ज्याची नक्कल करायची तो करंट). दुसऱ्याच्या कलेक्टरपासून थेट सप्लायपर्यंत मीटर. मीटरनेही 5 दाखवावेत एवढीच अपेक्षा.

"सुरुवातीला सहाच्या आसपास होता. मग चढायला लागला. सात, आठ, दहा... थांबायचं नावच घेईना. हात लावून बघितला तर दुसरा गरम, पहिला थंडगार. बंद केला सप्लाय."

"मग पळणारच," शिल्पा म्हणाली. ती चिपचं लेआउट करते, त्यामुळे या विषयात तिचा शब्द आमच्यात जरा जड पडतो. "तू दोन वेगवेगळे ट्रान्झिस्टर घेतलेस, दोन वेगळ्या तापमानांना ठेवलेस आणि वर म्हणतोस सारखे वागा."

पक्याची परीक्षा तोंडावर आहे. तो मध्येच घुसला. "पण मुळात एकाचा करंट दुसऱ्यात जातो कसा? दुसऱ्याला कळतं कुठून?"

"करंट जातच नाही रे. व्होल्टेज जातं," शिल्पा म्हणाली. "पहिल्याचा कलेक्टर बेसला बांधलाय ना? त्याच्यात तू 5 मिलिअँप ढकललेस, की त्याच्या बेसचं व्होल्टेज आपोआप तेवढंच होतं, जेवढ्याला तो 5 मिलिअँप घेईल. कमी पडलं तर उरलेला करंट बेसमध्ये घुसतो आणि व्होल्टेज वर सरकवतो. जास्त झालं तर ट्रान्झिस्टरच ते खाली ओढतो. ते 0.65 असेल नाहीतर 0.68 असेल, आपल्याला माहीत असायची गरजच नाही. तेच व्होल्टेज दुसऱ्याच्या बेसला मिळतं. दुसरा हुबेहूब पहिल्यासारखा असेल, तर त्याच्याकडूनही 5 मिलिअँपच निघणार."

"मग एवढा उपद्व्याप कशाला?" बंड्या म्हणाला. "दोन रेझिस्टरांनी सप्लाय विभागणारा डिव्हायडर लावायचा, 0.65 द्यायचं, एक ट्रान्झिस्टर वाचला."

हा प्रश्न बंड्याने खोडसाळपणे विचारला होता, पण माझ्या मते मिरर समजायची खरी जागा हीच. ट्रान्झिस्टरचा कलेक्टर करंट बेस-एमिटर व्होल्टेजबरोबर एक्स्पोनेन्शियल वाढतो. खोलीच्या तापमानाला हिशोब असा: 18 मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट, 60 वाढले की दहापट. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे करंटात जवळपास 4 टक्के. एका टक्क्याच्या रेझिस्टरांनी केलेला डिव्हायडर 0.65 व्होल्टात सहज पाचसहा मिलिव्होल्ट इकडेतिकडे होतो. वर तापमान आहेच. तोच करंट चालू ठेवायचा तर बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्ट घटतं. डिव्हायडरला यातलं काही कळत नाही. पहिल्या ट्रान्झिस्टरला कळतं, कारण तोही तितकाच तापलेला असतो.

"तितकाच तापलेला असेल तर," शिल्पाने बोट वर केलं. "बंड्याची मेख तिथेच आहे. हिशोब करूया. दुसऱ्यावर 12 व्होल्ट, 5 मिलिअँप, म्हणजे 60 मिलिवॉट. पहिल्यावर 0.65 व्होल्ट, म्हणजे जेमतेम 3. या पॅकेजला वॉटमागे 200 अंश धर. दुसरा 12 अंशांनी गरम झाला."

"म्हणजे 24 मिलिव्होल्ट," पक्या म्हणाला.

"म्हणजे करंट अडीचपट. मग तो अडीचपट करंट त्याला अजून तापवतो. तापला की अजून करंट. 12 व्होल्टला 5 मिलिअँपवर हे चक्र कुठे स्थिरावतच नाही. 2 मिलिअँपच्या खाली ठेवलं असतंस तर चुकीच्या का होईना, एका आकड्यावर थांबलं असतं. बघायचंच असेल तर 1 मिलिअँपवर लाव, मीटर स्थिरावू दे आणि पहिला ट्रान्झिस्टर चिमटीत धर. बोटांच्या उबेने त्याचं व्होल्टेज उतरतं आणि दुसऱ्याचा करंट डोळ्यांदेखत खाली येतो. सोडलास की हळूहळू परत वर."

बंड्याला हे पटलं, पण तो हार मानणाऱ्यातला नाही. "तापायच्या आधीच सहा होता, त्याचं काय? पाचाचे सहा?"

इथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि पुस्तकं बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीवर जोर देतात, असं माझं मत. पुस्तक आधी बेस करंट सांगतं: दोन्ही बेसचा करंट रेफरन्समधूनच जातो, म्हणून आउटपुट 2 भागिले बीटा (कलेक्टर करंट बेस करंटाच्या किती पट, ते) इतकं कमी पडतं. बीटा 100 असेल तर 2 टक्के. ठीक आहे, पण बंड्याचा आकडा कमी नव्हता, जास्त होता. तिथे कामाला येतो तो जेम्स अर्लीने 1952 मध्ये मांडलेला परिणाम: कलेक्टरचं व्होल्टेज वाढलं की बेसची परिणामकारक जाडी कमी होते आणि त्याच बेस व्होल्टेजला करंट थोडा जास्त वाहतो. अर्ली व्होल्टेज (हा परिणाम मोजायचा आकडा, जेवढा मोठा तेवढा परिणाम कमी) 100 धरलं तर 12 व्होल्टला जवळपास 12 टक्के. उरलेला फरक दोन नगांमधला, एकाच पाकिटातले असले तरी.

"मग विल्सन मिरर लाव," पक्या म्हणाला. वही उघडायला त्याला निमित्तच हवं होतं.

विल्सनची गोष्ट चांगली आहे. 1967 मध्ये टेक्ट्रॉनिक्स कंपनीत जॉर्ज विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट या दोघांनी एकमेकांना पैज घातली: फक्त तीन ट्रान्झिस्टर वापरून, एका रात्रीत, जास्त चांगला मिरर कोण काढतो. विल्सन जिंकला. त्याचा तिसरा ट्रान्झिस्टर वर बसतो, आउटपुटच्या व्होल्टेजचे चढउतार स्वतः झेलतो आणि खालच्या दोघांना जवळपास सारख्या व्होल्टेजवर ठेवतो. शिवाय फीडबॅकमुळे बेस करंटची चूक बीटाच्या वर्गाने भागली जाते. बीटा 100 असेल तर 2 टक्क्यांचे 0.02.

"आणि त्याबदल्यात?" बंड्याने विचारलं. फुकट काही मिळत नाही हे त्याला दुरुस्तीच्या धंद्याने शिकवलंय.

"आउटपुट 0.9 व्होल्टच्या खाली नेता येत नाही," शिल्पा म्हणाली. "साधा मिरर 0.2 व्होल्टपर्यंत चालतो. 12 व्होल्टच्या सप्लायवर याची फिकीर नाही. माझ्याकडे अख्खा सप्लायच 1 व्होल्टच्या आसपास असतो, तिथे विल्सनचं नाव काढायची सोय नाही."

"बघ, म्हणजे तुझ्या चिपमध्येही चालत नाही!"

"मिरर चालतो, विल्सन नाही. मिररशिवाय तर चिपचं पानही हलत नाही. चिपवर रेझिस्टर बनवायचा तर जागा खातो आणि किंमत 20 टक्के इकडेतिकडे झाली तरी बोलायची सोय नाही. पण शेजारी शेजारी काढलेले दोन ट्रान्झिस्टर एकमेकांसारखे निघतात. म्हणून एक चांगला रेफरन्स करायचा आणि हवा तिथे मिररने वाटायचा. 741 ही अँप्लिफायरची जुनी चिप उघडून बघ. 1968 चं डिझाइन. 39 किलोओहमचा एक रेझिस्टर पूर्ण 30 व्होल्टांवर, म्हणजे 0.73 मिलिअँपचा रेफरन्स. पण इनपुटला हवेत फक्त 19 मायक्रोअँप. आता हे रेझिस्टरने करायचं तर?"

पक्याने भागाकार केला. "दीड मेगाओहम."

"चिपवर दीड मेगाओहम! त्याऐवजी आउटपुटच्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला फक्त 5 किलोओहम घातलाय. दोन करंटांमध्ये 38 पटींचा फरक, म्हणजे बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये साधारण 95 मिलिव्होल्टचा. तेवढे 95 मिलिव्होल्ट त्या 5 किलोओहमवर पडले की 19 मायक्रोअँप. ही चिप डिझायनर बॉब विडलरची युक्ती. एक्स्पोनेन्शियलने जो त्रास होतो, तोच त्याने कामाला लावला."

मी मॉसफेट या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचं विचारलं, कारण त्याच्या गेटला (बेसच्या जागचा पाय) करंटच लागत नाही म्हटल्यावर बीटाची कटकटच संपते. शिल्पा हसली. तिच्या म्हणण्याप्रमाणे बीटा जाऊन थ्रेशोल्डचा, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणाऱ्या व्होल्टेजचा, फरक येतो, आणि ट्रान्झिस्टर जेवढा छोटा तेवढा तो फरक मोठा. तिप्पट करंट हवा असेल तर ती तिप्पट रुंद ट्रान्झिस्टर काढत नाही. तसाच एक, तीनदा. सगळ्यांची दिशा एक, करंट एकाच बाजूने वाहणारा, आणि रेफरन्सचा नग मधोमध, म्हणजे चिपच्या एका टोकाकडून दुसरीकडे काही बदलत गेलं तरी सगळ्यांना सारखंच बाधतं. रांगेच्या दोन्ही टोकांना दोन बिनकामाचे ट्रान्झिस्टर, नुसते शेजारी म्हणून, कारण कडेचा नग मधल्यासारखा छापला जात नाही. सर्किटच्या आकृतीत यातलं काहीच दिसत नाही. आकृतीत बंड्याचा मिरर आणि शिल्पाचा मिरर एकच.

"माझ्याकडे कुठे आलंय हे सगळं," बंड्या म्हणाला. "मला हातातल्या 547 चं सांग."

"एमिटरला 100 ओहम घाल, दोघांनाही. 5 मिलिअँपला त्यावर अर्धा व्होल्ट पडतो. आता अंशाला 2 मिलिव्होल्टचा फरक त्या अर्ध्या व्होल्टाशी तोलायचा आहे. अंशाला 8 टक्के होते, ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली. दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवल्यास तर अजून बरं. नाहीतर एकाच पॅकेजमधली जोडी मिळते, ती घे."

"म्हणजे काम रेझिस्टरच करतोय. मी तेच म्हणत होतो."

"अर्धा व्होल्ट घालवून करतोय."

"घालवायला माझ्याकडे 12 आहेत."

शिल्पाने मग वेगळाच डाव टाकला. "तू जे पॉवर अँप्लिफायर दुरुस्त करतोस, त्यांच्या इनपुटला डिफरेन्शियल जोडी असते ना, दोन सिग्नलांमधला फरक वाढवणारी? तिच्या कलेक्टरांना काय असतं?"

बंड्या गप्प. चांगल्या डिझाइनमध्ये तिथे मिररच असतो. जोडीच्या दोन्ही बाजूंना तो सारखा करंट घ्यायला लावतो, त्यामुळे इनपुटची दुसऱ्या हार्मोनिकची (सिग्नलच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची) विकृती जवळपास नाहीशी होते. दोन्ही बाजूंचा सिग्नलही पुढे जातो, एका बाजूचा वाया जात नाही. आणि तिथे बंड्याच्या बोर्डावर झालं तसं होत नाही, कारण मिररच्या एका बाजूवर 0.65 व्होल्ट तर दुसरीवर त्याच्या आसपासच, फार तर दुप्पट. करंट एकदोन मिलिअँप. तापायला काही उरतच नाही.

"तिथे असतो," बंड्याने शेवटी मान्य केलं. "पण त्याच्याही एमिटरला 68 नाहीतर 100 ओहम असतात. मी स्वतः बदललेत."

"मी कुठे नाही म्हणाले? तिथे ते तापमानासाठी नाहीत, दोन नगांतल्या फरकासाठी आहेत."

"रेझिस्टर तो रेझिस्टर," बंड्या म्हणाला, आणि पक्याने वहीतल्या मिररच्या दोन्ही एमिटरांना एकेक रेझिस्टर काढून टाकला.