वेग किती होता?

माझी नवी मोटारसायकल आडवी झाली त्या क्षणी तिच्या मीटरवर एकूण 63 किलोमीटरची नोंद होती आणि तिचा वेग, प्रामाणिकपणे सांगायचे तर, जवळजवळ शून्य होता. या शून्याने मला नंतर आठवडाभर जो त्रास दिला तो खरचटलेल्या गुडघ्यानेही दिला नाही. गाडी पडली असे सांगितले की समोरचा आधी ‘लागले नाही ना?’ असे विचारतो, पण तो शिष्टाचार झाला. त्याला खरा रस असतो तो पुढच्या प्रश्नात, ‘वेग किती होता?’ इथे साठ-सत्तर म्हणता आले तर पडण्याला जरा प्रतिष्ठा येते, समोरच्याच्या भुवया वर जातात, ‘थोडक्यात वाचलास’ असे उद्गार निघतात. शून्य म्हटले की तो तुमच्याकडे असा पाहतो, जणू तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या पाय मुरगाळून घेतला आहे.

घडले ते असे. दर्शनी भागाला मोठमोठ्या काचा लावलेल्या एका इमारतीसमोर मला गाडी उजवीकडे वळवून परत फिरवायची होती. जागा ऐसपैस होती, जमीन कोरडी होती, आडवे कुत्रेही आले नाही. कुत्र्याचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण पुढच्या काही दिवसांत या हकिगतीत एखादे कुत्रे सोडून देण्याचा मोह मला अनेकदा झाला. खरे कारण इतकेच की वळता वळता माझे लक्ष त्या काचेकडे गेले आणि तिच्यात मला एक रुबाबदार स्वार दिसला. नवे हेल्मेट, नवे जाकीट, खाली काळीभोर, मॅट रंगाची गाडी. ‘कोण बरे हा?’ असे मनात यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ मी त्याच्याकडे पाहिले असेन. पण मोटारसायकलचा कायदा असा आहे की जिकडे नजर तिकडे गाडी. नजर काचेकडे गेली, तशी गाडीही त्या स्वाराला भेटायला निघाली, आणि तोही तितक्याच उत्साहाने माझ्याकडे येऊ लागला. मी दचकून उजव्या हाताने पुढचा ब्रेक आवळला.

हँडल वळलेले असताना संथ गतीत पुढचा ब्रेक आवळू नये, हे मोटारसायकल शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगतात आणि मी ते वीस वर्षे इतरांना सांगत आलो आहे. गाडी वेगात असली की बऱ्याच अंशी स्वतःच स्वतःला सावरते. फिरणारी चाके आणि पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचा तिरपा कोन मिळून ती सरळ राहते आणि स्वाराला वाटते की हे सगळे आपले कौशल्य आहे. पायी चालणारा माणूसही पुढे निघून जाईल इतका वेग उतरला की ही मदत आटते आणि मग क्लच अर्धवट दाबून, मागचा ब्रेक हलकेच लावून, नजर लांब ठेवून तोल आपला आपणच राखावा लागतो. अशा वेळी वळलेल्या चाकाला पुढचा ब्रेक लागला की सगळा भार पुढे येतो, चाक आणखी आत दुमडते आणि गाडी ज्या बाजूला झुकलेली असते त्याच बाजूला निमूटपणे बसते. माझा उजवा पाय मागच्या ब्रेकवर होता. तो तिथून उचलून जमिनीवर टेकवण्याचा निर्णय मी घेतला खरा, पण अंमलबजावणीला उशीर झाला.

गाडी कोसळली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, ती कलंडली. पडणाऱ्या गाडीचे गणित मोठे फसवे असते. सरळ उभी असताना 180 किलोची गाडी दोन बोटांवर तोलता येते. 10 अंश झुकली की ती पूर्ण आडवी झाल्यावर जितका जोर लावील त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाने ओढू लागते आणि माणूस दात आवळून तिला धरून ठेवतो. 30 अंशांवर हा जोर त्या पूर्ण जोराच्या निम्म्यावर जातो. शाळेत साइनचे कोष्टक पाठ करताना ‘याचा उपयोग काय?’ असे मी गुरुजींना विचारले होते. उपयोग आता माझ्या मांडीवर येत होता. एका क्षणी मला कळले की ही गाडी मी वाचवू शकत नाही, आणि त्या क्षणापासून पुढे माझे काम इतकेच उरले की तिला शक्य तितक्या अदबीने जमिनीपर्यंत पोहोचवणे. समोरच्या काचेत तो रुबाबदार स्वारही त्याच वेळी एक पाय पसरून, तोंड उघडे टाकून, अत्यंत सावकाश खाली बसत होता. स्वतःचे पडणे पहिल्या रांगेत बसून पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

पाय गाडीखाली सापडला नाही, हे नशीब. इंजिन आपोआप बंद पडले होते. मी उठलो, आजूबाजूला पाहिले, आणि मग वेदना जाणवण्याआधी जी भावना येते ती आली, म्हणजे कोणी पाहिले का? तिघांनी पाहिले होते आणि तिघेही येत होते. ते पोहोचण्यापूर्वी गाडी उभी करून, काही झालेच नाही अशा थाटात निघून जाण्याचा मी बेत केला आणि हँडल धरून, कंबरेत वाकून, सगळी ताकद एकवटून ती वर खेचली. ती चार बोटे उचलली गेली आणि परत बसली. माझ्या पाठीतून मात्र एक बारीकसा आवाज आला.

तिघांपैकी एकाने ‘वेग किती होता?’ असे विचारले. दुसऱ्याने या जागेची जमीनच वाईट असल्याचे मोठ्या मनाने सांगितले. तिसरे गृहस्थ वयस्कर होते आणि काहीच बोलले नाहीत. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, पलीकडे जाऊन बुटाच्या टोकाने साइड स्टँड बाहेर काढला आणि मगच म्हणाले, ‘अहो, ही उजवीकडे पडली आहे. स्टँड न काढता उचललीत तर डावीकडे जाईल.’ म्हणजे मी अधिक बलवान असतो तर एका दुपारी एकच गाडी दोन्ही बाजूंना पाडण्याचा पराक्रम माझ्या नावावर जमा झाला असता. मग त्यांनी मला गाडीकडे पाठ करून सीटला टेकायला सांगितले, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या दांडीवर, पाठ ताठ आणि जोर फक्त पायांत. मी पावलापावलाने मागे सरकत गेलो आणि गाडी एखाद्या रुसलेल्या म्हशीसारखी कुरकुरत उठली आणि स्टँडवर जाऊन बसली. त्यांनी हात झटकले आणि ते निघूनही गेले. वेग त्यांनी विचारला नाही. त्या उपकाराची परतफेड मी अजून शोधतो आहे.

आता गाडी चालू होईना. स्टार्टरचे बटण दाबले तरी आतून हूं की चूं नाही. ‘पेट्रोल चढले,’ असे निदान पहिल्याने केले आणि ‘इंजिन खोलावे लागेल,’ असा उपचार दुसऱ्याने सांगितला. कार्ब्युरेटरच्या जमान्यातले हे निदान अगदीच टाकाऊ नव्हते, पण या गाडीत ती कलंडली की इंजिन बंद करणारा एक सेन्सर बसवलेला असतो आणि चावी बंद करून पुन्हा फिरवल्याशिवाय तो गाडी सुरू होऊ देत नाही. हे मी माहितीपुस्तिकेत वाचले होते. वाचताना ‘याची आपल्याला काय गरज?’ असे म्हणून पानही उलटले होते. खाली तेल गळत नाही, पेट्रोल सांडलेले नाही, हे पाहून मी पाचेक मिनिटे थांबलो, चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दोघांनाही थोडे वाईट वाटल्यासारखे दिसले.

घरी आल्यावर बायकोने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाली, ‘अहो, म्हणजे तुम्ही उभी गाडी पाडलीत?’ चालती होती, असे मी म्हणालो. ‘पण मग वेग किती होता?’

नुकसान तसे किरकोळ होते. पायाची खुंटी दुमडणारी असल्यामुळे वाचली होती, इंडिकेटरचा दांडा रबरी असल्यामुळे वाकून पुन्हा सरळ झाला होता. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरचे टोक तुटले होते, हँडलच्या टोकावरचे वजन खरवडले गेले होते, उजव्या आरशाला तडा गेला होता आणि बाजूच्या पॅनेलवर तळहाताएवढ्या जागेत ओरखडे होते. लेगगार्ड असते तर यातले निम्मे टळले असते. ते गाडीचे रूप बिघडवते म्हणून मी बसवू दिले नव्हते. एवढ्याशा कामासाठी मिस्त्रीकडे जायचे म्हणजे पुन्हा तोच प्रश्न आला. तेव्हा सुटे भाग आणून सगळे घरीच करायचे मी ठरवले.

लिव्हरचे काम इतके सोपे निघाले की पुढच्या सर्व अनर्थाचे मूळ तिथेच आहे असे माझे मत आहे. ओतीव अॅल्युमिनियमची लिव्हर वाकली तर ठोकून सरळ करू नये, तिच्यात दिसणार नाहीत अशा चिरा पडतात आणि ती नेमकी गरजेच्या वेळी मोडते. माझी तर तुटलीच होती, त्यामुळे तो मोहही नव्हता. खालचा नट 10 नंबरच्या पान्याने काढला, वरचा बोल्ट फिरवून वर घेतला, जुनी लिव्हर हातात आली. नवीच्या भोकात बोटाच्या टोकावर मावेल एवढे ग्रीस लावले, ती जागेवर सरकवली आणि बोल्ट बसवला. मग संध्याकाळच्या अंधारात गाडीच्या मागे भिंतीवर पडणारा लाल उजेड पाहत लिव्हर दाबली आणि सोडली. दाबली की भिंत लाल, सोडली की काळी. सोडल्यावरही दिवा पेटलेला राहिला असता तर लिव्हर अडकते आहे आणि ब्रेक घासतो आहे अशी शंका घ्यावी लागली असती. पुढचे चाक उचलून फिरवले, तेही मोकळे फिरले. मी ती भिंत दहा-बारा वेळा लाल केली असेल. आतून बायकोने विचारले की कोणाला इशारा चालला आहे का.

या यशाने अंगात जे चढते त्याला उतारा नाही. दुसऱ्या दिवशी मी ओरखडे हाती घेतले. ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर रंग गेला, न अडकले तर वरच्या पारदर्शक थरावर निभावले, हा ठोकताळा मला माहीत होता. नख अडकले नाही. मी आनंदाने रबिंग कंपाउंडची डबी उघडली, मऊ फडके घेतले आणि गोल गोल घासायला बसलो. ओरखडे खरोखरच गेले. त्यांच्याबरोबर मॅटपणाही गेला. मॅट रंगाच्या वरच्या थरावर डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा असतो आणि प्रकाश त्यावर विखुरतो म्हणून तो रंग तसा दिसतो. तो घासून गुळगुळीत केला की चमकणारच. काळ्याशार, गंभीर पॅनेलच्या मधोमध आता तळहाताएवढे लखलखते बेट तयार झाले होते. पुस्तिकेत ‘मॅट भागावर पॉलिश वापरू नये’ असे ठळक अक्षरांत छापले होते. तेही पान मी उलटलेलेच होते.

तरीही मी आरशाकडे वळलो. तडा गेलेला आरसा काढायचा म्हणजे 14 नंबरचा पाना लावायचा आणि नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवायचा. तो हलेना. मी जोर वाढवला. तरी हलेना, म्हणून पान्यावर पाइप चढवला आणि दोन्ही हातांनी ओढले. तेव्हा मात्र तो फिरला, आणि फिरतच राहिला. काही गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, जेणेकरून समोरून धक्का बसला तर आरसा मोडण्याऐवजी सैल होऊन फिरावा. मी अर्धा तास ज्याला सोडवतो आहे असे समजत होतो त्याला मी सर्व शक्तीनिशी आवळत होतो, आणि शेवटी ब्रेकच्या क्लॅम्पवरचे आटेच झिजवून मोकळा झालो होतो.

मिस्त्रीकडे जाणे भाग पडले. त्याच्यासाठी मी उत्तर तयार ठेवले होते, फार नाही, तीस-पस्तीस. त्याने आरसा हातात घेतला, आट्यांवरून बोट फिरवले, मग खाली बसून हँडलच्या टोकाचे खरवडणे पाहिले आणि काहीही न विचारता म्हणाला, ‘साहेब, जागच्या जागी बसली ना? घसरली असती तर ओरखडा लांब आणि एका दिशेने असता. हा नुसता चुरगळा आहे.’

मी मान हलवली.

‘आणि हे आटे काही पडून गेलेले नाहीत,’ त्याने आटे पाडायचा टॅप शोधता शोधता सांगितले. ‘हे पान्याचे काम आहे. कोणाकडे दिली होती गाडी?’

ओळखीच्याच एका माणसाकडे दिली होती, असे मी म्हणालो. ‘त्याच्याकडे पुन्हा देऊ नका,’ असे बजावून त्याने टॅप फिरवून आटे दुरुस्त केले, नवा आरसा बसवला आणि तो नीट लागला की नाही हे पाहायला मागे सरकला. तेवढ्यात त्याची नजर पॅनेलवरच्या त्या चकचकीत बेटावर पडली. तो वाकला, त्यात त्याला स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसला असावा, कारण त्याने नकळत केसांवरून हात फिरवला.

‘हे काय आहे?’ त्याने विचारले.

‘उजवा आरसा फुटला होता ना,’ मी म्हणालो, ‘तोवरची सोय.’