रॉड ‘ठीक आहे’ म्हणून परत दिला, त्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. बाकीचं नंतर बोलू, आधी एक काम करा. तो रॉड शेजाऱ्यांकडे अडॅप्टर लावून व्यवस्थित चालतो आणि आता तिथेच पाणी तापवतो, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते आजपासून बंद करा. शेजाऱ्यांनाही हे वाचून दाखवा.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बादलीत सोडायचा रॉड लावला की मेन उडतो, म्हणून ताईंनी तो आमच्याकडे दिला होता. आम्ही तीन दिवस ठेवून घेतला, ‘रॉड ठीक आहे, घरचं वायरिंग बघा’ म्हणून परत दिला आणि तपासणीचे पैसे घेतले. घरी दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा मेन उडाला. त्यांच्या वायरमनला वायरिंगमध्ये दोष सापडला नाही. दुकानात फोन केला, तर ‘कुणीतरी पोरगा’ उर्मटपणे बोलला.

तो पोरगा मीच. आवाजाला इलाज नाही, पण बोललो ते चुकीचंच होतं. गर्दीची वेळ होती वगैरे सांगत बसत नाही. माफ करा.

तपासणीतली चूकही आमचीच. रजिस्टर काढून पाहिलं, त्यात तुमच्या रॉडपुढे एवढंच लिहिलंय: ‘३५ ओम, बॉडी ओके’. १५०० वॉटच्या रॉडला २३० व्होल्टच्या हिशेबाने साधारण ३५ ओमच यायला हवेत, म्हणजे आतली तार शाबूत आहे. ‘बॉडी ओके’ म्हणजे मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं रॉडच्या नळीला लावलं आणि काटा हलला नाही. पण मल्टिमीटर आतल्या छोट्याशा बॅटरीवर मोजतो. २३० व्होल्टला जिथून वाट मिळते, तिथे त्याला काही दिसेलच असं नाही. त्यासाठी मेगर, म्हणजे करंट कुठे झिरपतोय का हे तपासायचं मीटर, लावावा लागतो. तो ५०० व्होल्ट देऊन मोजतो, आणि तेही रॉड पाण्यात बुडवून करायचं असतं. मेगर आमच्याकडे आहे. त्या दिवशी तो कपाटातच राहिला.

आता रॉड घरी दोन दिवस का चालला? रॉडच्या नळीत तार थेट नळीला चिकटून नसते. मध्ये मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. उष्णता ती जाऊ देते, करंट अडवते. मात्र ओल धरायला ही पूड फार वाईट. वरच्या टोपणाजवळचं सील सैल झालं किंवा क्षारांच्या थराखाली नळीला बारीक चीर गेली, की वाफ आत शिरते आणि करंट नळीवर यायला लागतो. तुमचा रॉड आमच्या फळीवर तीन दिवस कोरडा पडून होता. ओल सुकली, आम्ही कोरडाच तपासला, तो पास झाला. घरी दोन दिवस पाण्यात गेला आणि पुन्हा ओल धरली. रॉड हातात घेतल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही, पण माझा अंदाज हाच आहे. मेन बटण दाबताच उडतो की पाणी कोमट झाल्यावर, हे लक्षात असेल तर सांगा. लगेच उडत असेल तर बहुधा टोपणात पाणी गेलंय, काही मिनिटांनी उडत असेल तर तापल्यावर उघडणारी चीर असू शकते.

शेजाऱ्यांकडे तो का चालतो, हे मात्र मी खात्रीने सांगतो. तुमच्याकडे जो उडतो तो लिकेजचा स्विच आहे, ३० मिलीअँपिअर करंट वाट चुकला की पडणारा. शेजाऱ्यांकडे नुसती एमसीबी असणार. १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, ३० मिलीअँपिअर तिच्या खिजगणतीतही नाही. जवळजवळ पाचशेपटींचा फरक आहे. त्यात अडॅप्टर दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगची पिन कुठेच जोडलेली नाही. नळीवर आलेला करंट प्लॅस्टिकच्या बादलीतल्या पाण्यात नुसता दबा धरून बसतो. पाणी गरम झालं का बघायला कोणी बोट बुडवलं, की त्याला जमिनीत जायला वाट मिळते. त्यातून तो रॉड साडेसहा अँपिअर ओढतो आणि असे अडॅप्टर बहुतेक सहाचेच असतात. प्लगची पिन काळी पडली असेल बघा.

तुमच्या वायरमनने ‘हा स्विच काढून साधा लावू’ असं सुचवलं, हेही तुम्ही लिहिलंय. त्यांना नको म्हणा. सगळ्या प्रकरणात आपलं काम चोख केलं ते त्या एका स्विचने.

तीन दिवस लावले ही तक्रार मात्र अर्धीच मान्य. त्यातला एक दिवस दुकान बंद होतं आणि ते रॉड घेतानाच सांगितलं होतं. ‘बदलून द्या’ हेही जमणार नाही, रॉड आमच्याकडचा नाही आणि तो चार वर्षं वापरलेला आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं. पण तपासणीचे पैसे परत मिळतील. रॉड घेऊन या, तुमच्यासमोर बादलीत बुडवून मेगर लावतो. रीडिंग कमी आलं तर रॉड भंगारात. ही नळी सीलबंद असते, उघडून दुरुस्त होत नाही. कोणी करून देतो म्हणाला तरी देऊ नका. दोष निव्वळ वायरीत किंवा प्लगमध्ये निघाला, तर तेवढं बदलून देईन, मजुरी घेणार नाही.

आणताना रॉड घासूनपुसून, उन्हात वाळवून आणू नका. मागच्या वेळी तसाच चकाचक आणला होता. क्षारांसकट, आहे तसा पिशवीत घाला आणि तो अडॅप्टरही सोबत आणा.